टीप बसेना, गोधडी सरेना: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या आहेत. मशीनचा दोरा गुंततो किंवा तुटतो, ही एक. घरात तीन-चार गोधड्या एकाच वेळी अर्धवट पडून आहेत, ही दुसरी. दोन्हींचा संबंध जवळचा आहे. एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना सुई, दोरा, ताण आणि टाक्याची लांबी बदलावी लागते. त्यातलं एखादं बदलायचं राहून जातं आणि मग दोष मशीनला लागतो. म्हणून दोन्ही प्रकारची पत्रं एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न: तुकडे जोडताना वरून टीप छान दिसते, पण कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचे सैल फेरे आणि मधूनमधून चक्क पुंजके. खालचा दोरा सैल असेल म्हणून बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ बसते त्या डबीचा) स्क्रू आवळत गेले, तरी फरक नाही. काय करू?

आधी तो स्क्रू होता तिथे परत आणा, कारण दोष वरच्या दोऱ्याचा आहे. खाली फेरे दिसले की वरचा दोरा तपासायचा आणि वर फेरे दिसले की बॉबिनकडे बघायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी शोधाशोध वाचते.

असं का होतं ते एकदा समजून घ्या. सुई सगळ्यात खाली जाऊन जरा वर येते, साधारण २ ते अडीच मिलिमीटर. तेवढ्यात सुईच्या नाकाशेजारी वरच्या दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. शटलचं, म्हणजे सुईखालच्या फिरत्या भागाचं, टोक तो फासा पकडतं आणि बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरचा दोरा ओढणारा दांडा तो फासा पुन्हा वर खेचतो आणि टाका आवळला जातो. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल, तर दांडा दोरा खेचतो तो रिळावरून. खालचा फासा तसाच सैल राहतो. तोच तुम्हाला उलट बाजूला दिसतो आहे.

ताण जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली ठेवून दोरा ओवणं. फूट खाली असताना दोरा दाबून धरणाऱ्या ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न जाता वरच्यावर बसतो. मग ताणाचा नंबर ४ चा ७ करा नाहीतर ९ करा, चकत्यांनी दोरा धरलेलाच नसतो. म्हणून फूट वर करा, हातचाक फिरवून दांडा सगळ्यात वर आणा, दोरा पूर्ण काढून टाका आणि पहिल्यापासून ओवा. चकत्यांपाशी आल्यावर रिळाकडचा दोरा उजव्या हाताने धरून ठेवा आणि डाव्या हाताने हलकेच खेचा, म्हणजे तो आत सरकतो. दांड्याच्या भोकातून दोरा गेला आहे ना, तेही डोळ्यांनी बघा. सगळ्यात जास्त सुटते ती हीच जागा.

आता खात्री करून घ्या. फूट वर असताना सुईजवळ दोरा ओढला तर तो अलगद यायला हवा. फूट खाली करून ओढला तर अडला पाहिजे, इतका की सुई किंचित वाकल्यासारखी वाटावी. दोन्ही वेळा सारखाच अलगद आला, तर चकत्यांत दोरा गेलेला नाही किंवा त्यांच्यात जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा कापसाचा पुंजका अडकला आहे. फूट वर ठेवून जाडसर सुती दोऱ्याचा तुकडा चकत्यांमधून मागेपुढे फिरवला की तो निघून येतो.

पुंजका फक्त टिपेच्या सुरुवातीलाच होत असेल तर कारण वेगळं. दोऱ्याची टोकं आखूड ठेवली की पहिल्याच टाक्याला ती खाली ओढली जातात. दोन्ही टोकं ४ इंच ठेवा, फुटाखालून मागे घ्या आणि पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत बोटाने धरून ठेवा.

इतकं करूनही फेरे राहिले तर ताणाचा नंबर बघायचा. त्यासाठी वर लाल आणि खाली निळा असे त्याच जातीचे दोन दोरे घ्या आणि जे कापड शिवायचं आहे त्याच्याच तुकड्यावर टीप मारा. वरून निळे ठिपके दिसले तर वरचा ताण जास्त आहे. खाली लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी आहे. एका वेळी अर्धाच नंबर बदला. गाठ कापडाच्या थरांमध्ये दडली की थांबा.

बॉबिन केसचा स्क्रू हा शेवटचा उपाय. केस बाहेर निघत असेल तर भरलेली बॉबिन तिच्यात बसवून केस दोऱ्यावर लोंबती धरा. आपोआप घसरत खाली आली तर सैल आहे. हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की स्क्रू आवळतो, आणि पाव फेऱ्याचाही निम्मा एवढ्या फरकानेसुद्धा परिणाम दिसतो. फिरवण्याआधी खाचेची दिशा कागदावर काढून ठेवा.

प्रश्न: माझ्या चार गोधड्या चालू आहेत. एकीचे तुकडे कापलेत, एकीच्या ओळी जोडून झाल्यात, एकीचं क्विल्टिंग (तिन्ही थर एकत्र शिवणं) अर्धं झालंय, चौथीची कडेची पट्टी बाकी आहे. रोज तासभरच वेळ मिळतो आणि त्यातला निम्मा काय कुठे आहे हे शोधण्यात जातो. एकच हातात घ्यावी का?

एकच घ्यायची गरज नाही. तुमच्या चार गोधड्या चार वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत, हे खरं तर बरंच आहे. कापायला टेबल आणि उजेड लागतो, जोडायला मशीन, क्विल्टिंगला मशीन आणि अंगात ताकद, तर पट्टीची हातशिलाई बसल्या बसल्या होते. अडचण होते ती एकाच टप्प्यावरच्या दोन-तीन गोधड्या असतील तेव्हा. जोडणीत एक, क्विल्टिंगला एक आणि हातशिलाईला एक, अशा तीन चालू ठेवा. चौथी डब्यात बंद करून ठेवा आणि या तिघींपैकी एक पुरी झाल्याशिवाय काढू नका.

कामाची वाटणी गोधडीनुसार न करता मशीनच्या मांडणीनुसार करा. पाव इंची माया (टिपेबाहेरचं कापड) धरणारा फूट, ८०/१२ ची सुई आणि ५० नंबरचा सुती दोरा लावला आहे ना, मग त्या आठवड्यात फक्त जोडणी. लागलीच तर दोन गोधड्यांची. क्विल्टिंगला वॉकिंग फूट (वरूनही कापड पुढे नेणारा), ९०/१४ ची सुई आणि ४० नंबरचा दोरा चढवला की फक्त क्विल्टिंग. दोऱ्याचा नंबर वाढतो तसा दोरा बारीक होत जातो, म्हणजे ४० नंबरचा दोरा ५० पेक्षा जाड. त्याला सुईचं नाकही मोठं लागतं. रोज ही मांडणी बदलत राहिलात तर तासातली पंधरा मिनिटं त्यातच जातात आणि चुकाही त्याच पंधरा मिनिटांत होतात.

प्रत्येक गोधडीच्या डब्यात एक कार्ड टाका. त्यावर सुईचा नंबर, दोऱ्याचा नंबर आणि रंग, टाक्याची लांबी, ताणाचा नंबर आणि कोणता फूट, एवढं लिहा. त्याखाली पुढचं काम एका वाक्यात. ‘जोडणी चालू’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘पाचवी ओळ चौथीला जोडायची, पाचवीच्या माया डावीकडे वळवल्यात’ असं लिहिलंत तर तीन आठवड्यांनीही डबा उघडल्या उघडल्या हात चालू लागतो. कडेच्या पट्ट्यासुद्धा सुरुवातीलाच कापून डब्यात ठेवा. नाहीतर तेच कापड दुसऱ्या गोधडीत जातं आणि शेवटी पट्टीसाठी कापड शोधत बसावं लागतं.

जोडणीचा दोरा सगळ्या गोधड्यांना एकच ठेवा. मध्यम करडा किंवा फिकट मातकट रंग बहुतेक कापडांत मिसळून जातो. त्याच्या पाच-सहा बॉबिन एकदमच भरून ठेवा.

सुयांचा घोळ टाळायला कापडाच्या तुकड्यावर पेनने खाने आखा: ७०, ८०, ९०, १००. थोडी वापरलेली सुई काढली की तिच्या खान्यात टोचायची. मशीनमध्ये जी लावली असेल तिच्या खान्यात रंगीत टाचणी टोचायची. सुईच्या दांड्यावर नंबर कोरलेला असतो खरा, पण तो भिंगाशिवाय वाचता येत नाही. तोच आकडा सुईची जाडी सांगतो: ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर.

आता एक युक्ती, जिच्यामुळे दोऱ्याचा गुंता आणि अर्धवट कामं दोन्हींवर एकदमच तोडगा निघतो. डब्यातल्या चिंध्यांचे अडीच इंची चौकोन कापून मशीनजवळ ठेवा. जोडणी सुरू करताना फुटाखाली आधी चौकोनांची एक जोडी घाला. ती शिवून झाली की दोरा न तोडता मागोमाग मुख्य गोधडीचे तुकडे घालत जा, दोन तुकड्यांच्या मध्ये दोन-तीन टाके मोकळे सोडून. ढीग संपला की पुन्हा चिंध्यांची एक जोडी घाला, तिच्यात सुई रुतवून थांबा आणि मागची सगळी माळ कापून घ्या. दोऱ्याची टोकं लोंबकळतच नाहीत, म्हणून खाली ओढलीही जात नाहीत आणि पुंजका होत नाही. त्रिकोणी तुकड्याचं टोक कापड सरकवणाऱ्या दात्यांमधून सुईखालच्या भोकात ओढलं जातं, तेही थांबतं, कारण सुरुवात नेहमी चिंधीवर होते. आणि या जोड्या वाया जात नाहीत. दोन जोड्यांचा एक चौकडा होतो, जोडल्यावर ४ इंचाचा. ६० × ८० इंचाच्या गोधडीला असे ३०० चौकडे लागतात. एकाआड एक अखंड चौकोन लावलात तर १५० पुरतात. मूळ काम चालू असतानाच पाचवी गोधडी तयार होत जाते, तिच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

प्रश्न: हाताने क्विल्टिंग करायला आणलेला गुळगुळीत, कडक दोरा उरलाय. मशीनला लावला तर चालेल?

अजिबात नाही. त्यावर मेणासारखा लेप असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये आणि सुईच्या नाकात साठतो, आणि मग साधा दोराही नीट सरकत नाही. चुकून वापरला असेल तर चकत्यांमधून कोऱ्या कापडाची पट्टी फिरवून घ्या आणि सुई बदला. कडेच्या पट्टीच्या हातशिलाईला हा दोरा उत्तम.

प्रश्न: क्विल्टिंग करताना वरचा दोरा दर वीतभर अंतरावर तुटतो. तुटण्याआधी त्याची लोकर सुटते. दोरा नवा आहे, ताण कमी करून झाला.

‘लोकर सुटते’ हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. दोरा दोन तऱ्हांनी तुटतो. स्वच्छ कापल्यासारखा, खाडकन तुटला तर ताण फार आहे किंवा दोरा कुठे तरी अडकतो आहे. पिंजून, धागे सुटून तुटला तर तो कुठे तरी घासला जातो आहे. तुमचा दुसरा प्रकार.

घासण्याची पहिली जागा म्हणजे सुईचं नाक. एका टाक्याला जेवढा दोरा खर्च होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त शटलभोवती फिरून परत वर येतो. म्हणजे दोऱ्याचा तोच तुकडा टाक्यात बसण्याआधी नाकातून कित्येक वेळा खालीवर झालेला असतो. नाक लहान असेल किंवा आतून खरखरीत झालं असेल तर तो पिंजणारच. जोडणीची ८०/१२ ची सुई तशीच राहिली आहे का, ते आधी बघा. ४० नंबरच्या दोऱ्याला ९०/१४ घ्या. टॉपस्टिच जातीची मिळाली तर जास्त चांगलं, तिचं नाक लांबट असतं. जरीच्या दोऱ्यालाही तीच सुई लावा, वेग कमी ठेवा आणि ताण एक-दोन नंबर उतरवा. साधारण आठ तासांच्या शिवणकामानंतर सुई बदलायचीच, ती वाकडी दिसो वा न दिसो. तीन थरांमधून जाताना टोक लवकर बोथट होतं. कापडातून जाताना सुईचा टक-टक असा आवाज यायला लागला की समजावं.

सुई लावताना तिचा दांडा वरपर्यंत टेकला पाहिजे आणि चपटी बाजू तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत दिली आहे त्याच दिशेला हवी. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते. दोरा त्या अंगाने नाकात शिरतो आणि आखूड पोकळीच्या अंगाने बाहेर येतो. उलटा ओवला तर तुटतो किंवा टाकेच पडत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे सुई ज्या भोकातून खाली जाते त्या भोकाची पट्टी. कधी सुई वाकून पट्टीवर आपटली असेल तर भोकाच्या कडेला कुसळ उठतं. पट्टी काढा आणि भोकाच्या कडेवरून सुती दोरा फिरवून बघा. अडकला तर तिथे कुसळ आहे. अगदी बारीक पॉलिश पेपरची सुरळी करून भोकात हलक्या हाताने फिरवली की ते जातं. शटलच्या टोकाला मात्र घरी हात लावू नका. तिथलं माप बिघडलं तर टाके सुटायला लागतात.

तिसरी जागा रीळ, आणि तिच्याकडे सहसा कुणी बघतच नाही. रिळाच्या कडेला दोरा अडकवायची खाच असते. दोरा ज्या बाजूने सुटतो त्याच बाजूला ती असेल तर दर फेऱ्याला दोरा तिथे अडतो, म्हणून खाच विरुद्ध बाजूला ठेवा. आडव्या दांडीवर रिळाला लावायची टोपी रिळाच्या तोंडापेक्षा जराशी मोठी हवी. रिळावरचे फेरे एकमेकांना समांतर असतील तर ते रीळ उभ्या दांडीवर लावा, म्हणजे ते फिरत सुटतं. फेरे फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले असतील तर आडव्या दांडीवर. उलटं केलंत तर समांतर रिळाच्या दोऱ्याला दर फेऱ्याला जादा पीळ पडतो आणि तो सुईपाशी गुंडाळत जातो.

प्रश्न: सगळे तुकडे मोजून कापले, तरी ओळी एकमेकींना बसत नाहीत. एक ओळ पाऊण इंच आखूड!

कापणं बरोबर असेल तर मायेत फरक पडतो आहे. पाव इंचाची माया दर टिपेला १ मिलिमीटर जास्त घेतली गेली, तर दोन्ही तुकड्यांतून मिळून २ मिलिमीटर जातात. बारा तुकड्यांच्या ओळीत ११ टिपा, म्हणजे २२ मिलिमीटर. पाऊण इंचापेक्षा थोडं जास्तच. तुमचा हिशेब तिथेच लागतो.

तपासणी सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या घ्या, एकमेकींना जोडा, माया एका बाजूला वळवून इस्त्रीने दाबा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर १ इंच भरायला हवी. कमी भरली तर माया मोठी होते आहे. वळलेल्या कापडाची घडीसुद्धा धागाभर जागा खाते, म्हणून माया पाव इंचापेक्षा धागाभर कमीच घ्यायची. मधली पट्टी १ इंच भरली की सुईपासून कडेपर्यंतचं अंतर कागदाच्या पट्टीवर नोंदवा आणि मशीनच्या पाटावर तिथे जाड चिकटपट्टीचा काठ लावा. कापड त्या काठाला टेकवत न्यायचं. नजर सुईवर न ठेवता काठावर ठेवा.

जोडणीचा टाका २ ते २.२ मिलिमीटर ठेवा, म्हणजे इंचाला साधारण बारा. इस्त्री फिरवायची नाही, उचलून दाबायची. फिरवली की उरेब (तिरप्या) कापलेल्या कडा ताणतात. शेजारशेजारच्या ओळींच्या माया विरुद्ध दिशांना वळवल्या की जोड एकमेकांत अडकून बसतात आणि कोपरे नेमके जुळतात.

प्रश्न: फ्री मोशन क्विल्टिंगमध्ये (दाते खाली करून कापड हाताने फिरवत शिवताना) सरळ रेषा चांगल्या येतात, पण वळणांवर मागच्या बाजूला पापण्यांच्या केसांसारखे आडवे दोरे दिसतात.

वळणावर हात भरभर जातात आणि मशीन तेवढं धावत नाही. सुई कापडात असतानाच कापड सरकतं, सुई वाकते आणि खालचा दोरा वरच्याला बाजूला खेचतो. वळण आलं की हात सावकाश करा आणि पायाचा वेग तसाच ठेवा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. वरचा ताण अर्ध्या नंबराने वाढवा. सुई ९०/१४ ची घ्या, ती कमी वाकते. दाते खाली केलेले असले तरी फूट खाली करायचं विसरू नका. या कामाला लागणारा डार्निंगचा फूट कापडाच्या जरा वरच राहतो, त्यामुळे तो वरच राहिला आहे हे पटकन लक्षात येत नाही आणि चकत्या उघड्या राहतात.

सुरुवात करताना हातचाकाने एक टाका घ्या, खालचा दोरा वर काढा, दोन्ही टोकं धरून चार-पाच अगदी बारीक टाके घ्या आणि मग पुढे जा. पहिल्या चार इंचांनंतर थांबून मागची बाजू बघा. गोधडीच्या मध्यावर पोचल्यावर उसवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

प्रश्न: टाके मधूनच सुटतात.

नवी सुई लावा, वरपर्यंत घट्ट बसवा, दोरा नव्याने ओवा. फक्त जाड जोडांवर सुटत असतील तर तिथे हातचाकाने शिवा आणि फुटाचा दाब बघा. तीन सुया बदलूनही प्रत्येक कापडावर टाके सुटत असतील तर सुई आणि शटलची वेळ चुकली आहे. ते काम कारागिराचं.

प्रश्न: क्विल्टिंग झाल्यावर अस्तराला चुण्या पडलेल्या दिसतात. वरून सगळं सपाट असतं. वीस-पंचवीस सेफ्टी पिना लावल्या होत्या.

पिना फार कमी पडल्या. ६० × ८० इंचाच्या गोधडीला दर ४ इंचांवर एक पीन म्हटलं तर जवळजवळ ३०० लागतात. सोपं माप असं: मूठ कुठेही ठेवली तरी एक तरी पीन तिच्याखाली आली पाहिजे.

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच मोठं कापा, वॅडिंगही (मधला भरावाचा थर) जवळपास तेवढंच. अस्तर उलटं जमिनीवर पसरा आणि आधी समोरासमोरच्या कडांचे मध्य चिकटपट्टीने लावा, मग कोपरे. ते ताठ हवं, ताणलेलं नको. ताणून लावलंत तर पट्ट्या सोडल्यावर ते आखडतं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. सैल लावलंत तर तुमच्यासारखं होतं. वॅडिंग मधून बाहेर हाताने सपाट करा, वरचा थर ठेवा, पिना मध्यापासून कडेकडे लावा.

शिवताना वॉकिंग फूट हवाच. साध्या फुटात खालचे दाते अस्तर ओढतात आणि वरचा थर मागे राहतो. वॉकिंग फूट वरूनही कापड पुढे नेतो. टाका २.५ ते ३ मिलिमीटर ठेवा. पहिली टीप मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, मग मध्यापासून बाहेर. सगळ्या समांतर टिपा एकाच दिशेने मारा. एक वरून खाली आणि शेजारची खालून वर गेली की मधल्या पट्ट्याला तिरप्या लाटा येतात. आणि गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू देऊ नका. मशीनच्या डावीकडे आणि मागे तिला आधार हवा. लोंबतं वजन कापड मागे ओढतं, टाके आखूड पडतात आणि सुया वाकतात.

प्रश्न: ६० × ८० इंचाच्या गोधडीला दोरा आणि कडेच्या पट्टीचं कापड किती आणू?

२ इंच अंतराची चौकडी घालायची धरली तर ८० इंची २९ टिपा आणि ६० इंची ३९ टिपा. एकूण शिवण ११८ मीटरच्या आसपास. वरचा-खालचा मिळून दोरा शिवणीच्या साधारण अडीचपट जातो, म्हणजे ३०० मीटर. टोकं आणि उसवणं धरून ३५० मीटर आणा. त्यातला निम्मा बॉबिनवर जाणार, म्हणून तीन-चार बॉबिन आधीच भरून ठेवा. मध्यम वेगाने भरा आणि काठोकाठ भरू नका. जुन्या उरलेल्या दोऱ्यावर नवा गुंडाळू नका. पॉलिएस्टर दोरा फार वेगाने भरला तर तो ताणून बसतो, आणि टीप मारल्यावर आखडून कापड चुरगळवतो.

पट्टीचा घेर २८० इंच, कोपऱ्यांना आणि शेवटच्या जोडाला १२ धरा: २९२. कापडाची वापरता येणारी रुंदी ४२ इंच असेल तर सात पट्ट्या २९४ भरतात आणि काम भागलं असं वाटतं. पण पट्ट्या तिरप्या जोडताना प्रत्येक जोडाला पट्टीच्या रुंदीएवढं, म्हणजे अडीच इंच कापड जातं. सहा जोडांचे १५ इंच गेले की उरतात २७९. म्हणून आठ पट्ट्या घ्या. आठ गुणिले अडीच म्हणजे २० इंच, कापताना कडा सरळ करायला दोन इंच वाढवून २२ इंच कापड आणा.

प्रश्न: क्विल्टिंग अर्धं झालेली गोधडी आता दोन-तीन महिने बाजूला ठेवावी लागणार आहे. घडी करून ठेवली तर चालेल ना?

पिना काढल्याशिवाय नको. दमट हवेत सेफ्टी पिना गंजतात आणि गंजाचा डाग सुती कापडातून सहजी जात नाही. जिथे पिना आहेत तिथे हाताने दोन-दोन इंची कच्चे टाके घालून पिना काढा. खुणांसाठी पाण्याने जाणारं पेन वापरलं असेल तर त्या खुणा गार पाण्याने आत्ताच पुसून घ्या. इस्त्रीची ऊब लागली तर त्या पक्क्या बसू शकतात. पुढच्या रेषा पुन्हा आखता येतील. घडीपेक्षा सुरळी बरी, वरची बाजू बाहेर ठेवून. मशीनमधून सुई काढा, भोकाची पट्टी उघडून दात्यांमधला कापूस ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, फुंकलेला कापूस आणखी आत जातो आणि वाफेने लोखंड ओलं होतं. पुस्तिकेत सांगितलं असेल तिथे तेलाचा एकच थेंब टाका आणि चिंधीवर दोन मिनिटं टीप मारून जादा तेल निघून जाऊ द्या. अर्धवट बॉबिन, तोच दोरा आणि कार्ड सुरळीबरोबरच पिशवीत टाका. पुन्हा काढाल तेव्हा पहिली टीप गोधडीवर नको. त्याच तीन थरांच्या वीतभर तुकड्यावर मारून बघा आणि कार्डावरचा ताणाचा नंबर अजून जुळतो का ते तपासा.